फॉर्मॅलिनमधल्या नमुन्यावर गोचीड तापाचा पीसीआर सारखा निगेटिव्ह येतोय? आधी बरणी बघा

पावसाळा लागला की ही तक्रार ठरलेली. संकरित गाय, चार दिवस ताप, डोळे पिवळे, शेण घट्ट, लघवी मात्र लाल नाही, अंगावर गोचिडांचा खच. गाय दगावते, विम्यासाठी पोस्टमॉर्टेम होतं. पानथरी (प्लीहा) सुजलेली, पित्ताशय दाट पित्तानं तट्ट. डॉक्टर पानथरी आणि यकृताचे तुकडे फॉर्मॅलिन या टिकवणाऱ्या द्रावणात टाकून पाठवतात, चिठ्ठीवर लिहितात ‘अ‍ॅनाप्लाझ्मा?’. काही दिवसांनी रिपोर्ट येतो: पीसीआर, म्हणजे जंतूचा डीएनए वाढवून शोधणारी चाचणी, निगेटिव्ह. डॉक्टर म्हणतात लॅबला काही येत नाही, लॅब म्हणते निदानच चुकलं, आणि पुढच्या गायीच्या वेळी पुन्हा तेच.

अशा वेळी किट बदलायची घाई होते. किट महाग असतं आणि दोष बहुधा त्यात नसतो. गायीचा जीव गेल्यापासून पॅराफिनचा ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) तयार होईपर्यंत त्या तुकड्यावर काय काय गुदरलं, हे आधी तपासायला हवं.

एक खुलासा आधीच करतो. गावात आणि कित्येकदा आपल्या केसपेपरवरही ‘गोचीड ताप’ हे एकच नाव चालतं, पण त्यात थायलेरिया आणि बबेशिया हे एकपेशीय परजीवीही येतात. इथे विषय जिवाणूंचा आहे: गायीम्हशींतला अ‍ॅनाप्लाझ्मा मार्जिनेल, कुत्र्यांतला एर्लिकिया कॅनिस आणि माणसांतला रिकेटसिया. हे तिघंही पेशीच्या आत राहतात, साध्या माध्यमावर वाढत नाहीत, ग्रॅम स्टेननं नीट रंगत नाहीत. त्यामुळे जनावर गेल्यावर हातात फक्त फॉर्मॅलिनमधला तुकडा उरला असेल, तर कल्चरचा रस्ता बंदच असतो.

रिपोर्ट वाचताना पहिला प्रश्न

‘निगेटिव्ह’ बघितल्यावर विचारायचं ते हे: गायीचा स्वतःचा जीन त्या नमुन्यात वाढला का? म्हणजे अंतर्गत कंट्रोल, मग तो बीटा-अ‍ॅक्टिन असो की दुसरा कुठला. तो लावलाच नसेल तर त्या निगेटिव्हला अर्थ नाही. लावला आणि तोही वाढला नाही, तर रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ नाही, ‘नमुना चाचणीयोग्य नाही’ असा जायला हवा. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, तरी टायपिंगच्या साच्यात दोन्हींना एकच रकाना असतो.

याच्या आत आणखी एक सापळा आहे आणि तो अनुभवी लोकांच्याही नजरेतून सुटतो. अंतर्गत कंट्रोलचा तुकडा ८० बेस-जोड्यांचा (डीएनएची लांबी मोजायचं एकक) आणि जिवाणूचा तुकडा ४०० चा, असं असेल तर कंट्रोल पास होऊनही काही सिद्ध होत नाही. फॉर्मॅलिनमध्ये डीएनएचे तुकडे पडतात. जुन्या ब्लॉकमधून १०० ते ३०० बेस-जोड्यांचेच मिळतील असं धरून चालावं. त्यात ८० चा सहज वाढतो, ४०० चा वाढायला अखंड धागाच शिल्लक नसतो. म्हणून कंट्रोलची लांबी जिवाणूच्या तुकड्याएवढी किंवा थोडी जास्तच ठेवा. त्याहून बरं म्हणजे गायीच्या जीनचे १००, २००, ३०० आणि ४०० असे चार तुकडे वाढवून बघा. ब्लॉक किती लांबीपर्यंत साथ देतोय ते जेलवर एका नजरेत कळतं. नॅनोड्रॉपच्या, म्हणजे प्रकाश शोषणावरून डीएनए मोजणाऱ्या यंत्राच्या, आकड्यावर विसंबू नका. २६० आणि २८० नॅनोमीटरवरच्या शोषणाचं गुणोत्तर छान १.८ येतं आणि धागे मात्र चुरा झालेले असतात. ते यंत्र डीएनए किती आहे ते सांगतं, धड आहे का ते सांगत नाही.

आता बरणी

आमच्या लॅबकडे येणाऱ्या बरण्यांचा एक नेहमीचा नमुना सांगतो. अरुंद तोंडाची प्लास्टिकची बाटली, आत मुठीएवढा पानथरीचा तुकडा कोंबलेला, वरून चार बोटं फॉर्मॅलिन. बाटलीत घालताना तुकडा मऊ होता म्हणून गेला. आता घट्ट झाल्यामुळे निघत नाही, बाटलीच कापावी लागते. तुकडा मधोमध चिरला की बाहेरून तीन-चार मिलिमीटरची राखाडी, रबरासारखी कड दिसते आणि आत लालसर-काळा लगदा. चाकूला तो चिकटतो, वास येतो. म्हणजे बाहेरची कड फॉर्मॅलिननं पकडली आणि आतला भाग बरणीतच सडला. परभणी-नांदेडकडे उन्हाळ्यात पारा ४२ च्या वर जातो, पावसाळ्यातही दमट उकाडा असतो. त्यात गाय रात्री गेलेली आणि पोस्टमॉर्टेम दुसऱ्या दिवशी दुपारी, पंचनामा झाल्यावर. तोवर आतड्यातले जिवाणू पानथरीपर्यंत पोचलेले असतात.

या लगद्यातून डीएनए काढला तर दोन गोष्टी होतात. पेशींचे स्वतःचे एन्झाइम डीएनए आधीच तोडून बसलेले असतात. आणि सगळ्या जिवाणूंना लागू पडणारे १६-एस जीनचे प्रायमर (कुठला तुकडा वाढवायचा ते ठरवणारे छोटे धागे) वापरले असतील, तर क्लॉस्ट्रिडियमसारखे सडवणारे जिवाणू भरभरून वाढतात, अ‍ॅनाप्लाझ्मा त्या गर्दीत हरवतो. त्यामुळे असा तुकडा आलाच तर ब्लॉकसाठी बाहेरच्या राखाडी कडेतूनच पातळ फोड घ्या, मधला लगदा टाकून द्या. एवढ्या एका बदलानं बऱ्याच नमुन्यांचा अंतर्गत कंट्रोल जागेवर येतो.

हा प्रकार मुळात टाळायचा तर तुकडा ५ मिलिमीटरपेक्षा जाड नको, फॉर्मॅलिन तुकड्याच्या दहापट हवं, बरणी रुंद तोंडाची हवी. हे सगळ्यांनी कॉलेजात वाचलेलं असतं. तरी चिखलात उभं राहून, मालक आणि विम्याचा माणूस डोक्यावर असताना, ते होत नाही. त्यावर उपाय असा की दोन रुंद बरण्या आधीच अर्ध्याहून जास्त भरून गाडीत ठेवायच्या. बरणी तयार असली की तुकडा आपोआप लहान कापला जातो.

फॉर्मॅलिन कसलं आहे?

दुकानात मिळणाऱ्या फॉर्मॅलिनमध्ये ३७ ते ४० टक्के फॉर्माल्डिहाइड असतं. त्याचा १ भाग आणि पाणी ९ भाग हे झालं १० टक्के फॉर्मॅलिन. बरेच जण इथे थांबतात, आणि नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यात थांबतात. फॉर्माल्डिहाइडचं हळूहळू फॉर्मिक आम्ल होतं, द्रावण आंबट होत जातं आणि आम्लात डीएनए आणखी वेगानं तुटतो. म्हणून बफर घालायचं: १ लिटरला सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम आणि निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. पीएच ७ च्या आसपास बसतो. खर्च किरकोळ आहे. लिटमसचा कागद जवळ असेल तर आलेल्या बरणीत बुडवून बघा. तो लाल झाला तर पुढच्या पीसीआरकडून फार आशा ठेवू नका.

आंबट फॉर्मॅलिनचा दुसरा त्रास सूक्ष्मदर्शकाखाली होतो. रक्तानं भरलेल्या अवयवात, म्हणजे नेमक्या पानथरीत, काळपट-तपकिरी कण जमतात. नवखा माणूस त्यांना जंतू समजतो, आणि नुसता नवखाच समजतो असं नाही. ओळखायची खूण: हे फॉर्मॅलिनचे कण पेशीच्या आत नसून पेशींच्या वर सांडल्यासारखे दिसतात, ध्रुवित प्रकाशात चमकतात आणि पर्ल्सच्या (लोह दाखवणाऱ्या) स्टेननं निळे होत नाहीत. रक्तपेशी फुटल्यामुळे पानथरीत साठणारं हिमोसिडेरिन हे लोहाचं रंगद्रव्य मात्र भक्षकपेशींच्या आत, सोनेरी-तपकिरी असतं आणि पर्ल्सनं निळं होतं. अ‍ॅनाप्लाझ्माच्या केसमध्ये हे दुसरं सापडायलाच हवं. निदान त्यावर उभं राहत नाही, पण रक्तक्षय रक्तपेशी फुटूनच झाला हे तरी पक्कं होतं. फॉर्मॅलिनचे कण काढायचे असतील तर सेक्शन (ब्लॉकचा पातळ काप) संपृक्त पिक्रिक आम्लाच्या अल्कोहोलमधल्या द्रावणात ठेवतात. पिक्रिक आम्ल वाळलं तर स्फोटक बनतं, त्यामुळे बाटली कोरडी पडू देऊ नका.

मुदतीबद्दल थोडक्यात: २४ ते ४८ तास फॉर्मॅलिन पुरे. त्यानंतर तुकडा ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवावा किंवा सरळ ब्लॉक करावा. महिनोन्‌महिने फॉर्मॅलिनमध्ये पडलेल्या ओल्या तुकड्यापेक्षा पहिल्याच आठवड्यात केलेला जुना ब्लॉक कधीही चांगला.

प्रायमर आणि डीएनए काढणं

ताज्या रक्तासाठी बसवलेली चाचणी तशीच ब्लॉकवर चालवणं हे निगेटिव्हचं सगळ्यात मोठं कारण. एर्लिकिया कॅनिससाठी प्रचलित असलेला नेस्टेड, म्हणजे दोन फेऱ्यांचा, पीसीआर घ्या. पहिल्या फेरीत ४७८ बेस-जोड्यांचा तुकडा लागतो, दुसऱ्या फेरीत साधारण ३९० चा. कुत्र्याच्या ताज्या रक्तावर तो उत्तम चालतो. ब्लॉकवर पहिली फेरीच अडते, मग दुसरी कशावर चालणार? १६-एस जीन सबंध, म्हणजे सुमारे १५०० बेस-जोड्या, वाचायचा हट्ट तर सोडूनच द्यावा. १५० च्या आतला तुकडा वाढवणारे प्रायमर घ्या, जमलं तर प्रोबवर (जिवाणूच्या तुकड्याला चिकटून चमकणाऱ्या धाग्यावर) चालणारा रिअल टाइम पीसीआर.

डीएनए काढताना १० मायक्रॉनचे चार-पाच सेक्शन घ्या. ब्लॉकच्या तोंडावरचे पहिले दोन-तीन टाकून द्या, कारण हवा, धूळ आणि शेजारच्या ब्लॉकचा कचरा तिथेच असतो. झायलिननं मेण काढा, मग अल्कोहोलनं झायलिन काढा, आणि अल्कोहोल पूर्ण उडू द्या. प्रोटिनेज के (प्रथिनं विरघळवणारं एन्झाइम) ५६ अंशांवर, तुकडा पूर्ण विरघळेपर्यंत. किटवर १ तास लिहिलेला असला तरी पानथरीला कधी कधी रात्रभर लागतो. तळाशी कण दिसत असतील तर पुढे जाऊ नका. त्यानंतरचा ९० अंशांवर १ तासाचा टप्पा टाळू नका. फॉर्माल्डिहाइड प्रथिनं आणि डीएनए यांच्यात जे पूल बांधतं, ते उष्णतेनं सुटतात. ते सुटले नाहीत तर पॉलिमरेज (डीएनएची नक्कल करणारं एन्झाइम) धाग्यावर जागोजाग अडखळतं.

पानथरी म्हणजे रक्ताचं कोठार, आणि हीम, म्हणजे रक्तातलं लोहयुक्त द्रव्य, पीसीआरला रोखतो. हे ओळखायला सोपं आहे. काढलेला डीएनए दसपट पातळ करून पुन्हा चालवा. रोखणारं काही नसेल तर सीटी (कितव्या चक्रात वाढ दिसली तो आकडा) साधारण ३.३ नं पुढे सरकते. पातळ केल्यावर ती उलट अलीकडे आली, किंवा आधी काहीच नव्हतं आणि आता वक्ररेषा दिसली, तर मामला हीमचा. मग पातळ नमुनाच वापरा, मिश्रणात थोडं बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन घाला.

सीक्वेन्सिंग करणाऱ्यांसाठी एक इशारा. फॉर्मॅलिनमुळे सायटोसिनचं युरॅसिल होतं आणि वाचताना सी च्या जागी टी दिसतो. एका ब्लॉकमधल्या एका वाचनावरून ‘मराठवाड्यात नवा स्ट्रेन’ असं जाहीर करण्याआधी युरॅसिल काढणारं एन्झाइम वापरून पुन्हा करा.

अवयवच चुकला तर?

अ‍ॅनाप्लाझ्मा मार्जिनेल तांबड्या रक्तपेशीत राहतो, म्हणून पानथरी ठीक. एर्लिकिया कॅनिस मोनोसाइट (एक पांढरी रक्तपेशी) आणि भक्षकपेशींत राहतो. कुत्र्याच्या पानथरीबरोबर फुप्फुस पाठवलंच पाहिजे, लसिका गाठ मिळाली तर उत्तम. जुनाट आजारात मोरुला, म्हणजे पेशीतले जिवाणूंचे पुंजके, सेक्शनमध्ये शोधून डोळे फुटतात, मिळत नाहीत. मूत्रपिंड, फुप्फुस आणि मेंदूच्या आवरणात रक्तवाहिन्यांभोवती प्लाझ्मा पेशींची दाटी दिसते, तो धागा जास्त कामाचा. अस्थिमज्जा पाठवलीत तर हाड मऊ करायला नायट्रिक किंवा फॉर्मिक आम्ल वापरू नका, त्यात डीएनएचा निकाल लागतो. ईडीटीए (कॅल्शियम ओढून घेणारं रसायन) वापरा. वेळ लागतो, लागू द्या.

आणि औषध. गाय मरण्याआधी तिला ऑक्सिटेट्रासायक्लिन दिलं होतं का, किती तास आधी, हे चिठ्ठीवर नसतं. फोन केला की कळतं, ‘हो साहेब, दोन दिवस दिलं होतं.’ मग रक्तातले जंतू कमी झालेले असणारच. चिठ्ठीवर ही एक ओळ आली तर आमचा निम्मा वाद मिटेल.

एक काच, बरणीपासून लांब

एवढा सगळा खटाटोप ज्या एका सवयीनं वाचतो ती म्हणजे पानथरीची कापलेली बाजू टिपकागदावर कोरडी करून काचेवर टेकवणं. दोन-तीन ठसे, हवेत वाळवून मिथेनॉलमध्ये बुडवले की झालं. जनावर जिवंत असताना घेतलेली रक्ताची काच असेल तर त्याहून चांगलं. गिम्सा स्टेनमध्ये अ‍ॅनाप्लाझ्मा तांबड्या पेशीच्या काठाशी गडद जांभळ्या ठिपक्यासारखा दिसतो, मापानं ०.३ ते १ मायक्रॉन. हॉवेल-जॉली कणांशी (तांबड्या पेशीत उरलेले केंद्रकाचे अवशेष) गल्लत होते, पण ते बहुधा मोठे, वाटोळे आणि एखाद-दुसऱ्या पेशीतच असतात.

मात्र या काचा फॉर्मॅलिनच्या बरणीबरोबर एकाच खोक्यात पाठवल्या जातात आणि तिथे घात होतो. झाकण कितीही घट्ट असलं तरी वाफ निघते आणि काचेवरचे रक्त त्या वाफेनं पकडलं जातं. मग गिम्सा लावला की सगळं निळसर-करडं, पेशीत काय आहे ते दिसतच नाही. एसटीच्या पार्सलमधून आलेलं असं खोकं उघडलं की आधी डोळ्यांत पाणी येतं, त्यावरूनच काचांचं भवितव्य कळतं. काचांचं पाकीट वेगळं करा, वेगळ्या पार्सलनं पाठवा. नावं पेन्सिलीनं लिहा; पेनाची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते. पानथरीचा तुरीच्या दाण्याएवढा तुकडा नुसत्या अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवलात तर फॉर्मॅलिनची वरची निम्मी रामायणं संपतात.

थांबा, एक गोष्ट याआधीची. अचानक मेलेलं, नाकातोंडातून काळं, न गोठणारं रक्त आलेलं जनावर असेल तर फुगलेल्या पानथरीच्या शोधात ते फाडू नका. फाशीची, म्हणजे अँथ्रॅक्सची शंका आधी दूर करा. कानाच्या शिरेतल्या रक्ताची काच पॉलिक्रोम मेथिलीन ब्लूनं रंगवून बघा. शव उघडलं की हवा लागून बीजाणू बनतात आणि ती जमीन वर्षानुवर्षं धोक्याची होते.

पॉझिटिव्ह आला म्हणजे?

उलट चूकही होते. अ‍ॅनाप्लाझ्मातून वाचलेली गाय पुढे जन्मभर वाहक राहू शकते. गोचिडांच्या प्रदेशात धडधाकट जनावराचा पीसीआरही पॉझिटिव्ह येतो. म्हणून ३६-३७ सीटीचा पॉझिटिव्ह, सेक्शनमध्ये हिमोसिडेरिन नाही, कावीळ नाही, असं असेल तर मृत्यूचं कारण दुसरीकडे शोधा. गोचिडातून आलेला पॉझिटिव्ह तर त्याहून दुबळा: गोचिडानं कुठेतरी रक्त प्यायलं, एवढंच तो सांगतो. मायक्रोटोमचं (ब्लॉक कापायच्या यंत्राचं) पातं दोन ब्लॉकच्या मध्ये झायलिननं पुसलं नसेल तर शेजारच्या गायीचा जंतू या गायीच्या नळीत येतो. मध्ये नुसत्या मेणाचा एक रिकामा ब्लॉक कापा आणि त्यावरही पीसीआर लावा. तो पॉझिटिव्ह आला तर त्या दिवसाचे सगळे रिपोर्ट थांबवा.

माणसांच्या नमुन्यांबद्दल दोनच शब्द, कारण वैद्यकीय महाविद्यालयांतले मित्र विचारतात. भारतीय गोचीड ज्वर रिकेटसिया कोनोरायमुळे होतो आणि तो जिवाणू रक्तवाहिन्यांच्या अस्तरात राहतो. म्हणून रक्तापेक्षा पुरळाची, आणि चाव्याच्या जागी काळी खपली असेल तर तिच्या कडेची बायोप्सी जास्त कामाची. स्क्रब टायफसमध्येही अशी खपली येते, पण तो गोचिडाचा नाही, चिगर माइटचा; प्रायमर वेगळे लागतात. तळहात-तळपायांवर पुरळ असलेल्या तापाच्या पेशंटला डॉक्सिसायक्लिन द्यायला बायोप्सीच्या रिपोर्टची वाट बघायची नसते.

रिपोर्टच्या भाषेचं सांगून थांबतो, कारण विम्याचा दावा त्या भाषेवर अडतो. परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयाकडे ब्लॉक दुसऱ्या मतासाठी पाठवताना आपला जुना रिपोर्ट सोबत जोडा, आणि त्यात या चार गोष्टी असू द्या: कुठल्या अवयवातून डीएनए काढला, अंतर्गत कंट्रोल किती लांबीचा आणि तो वाढला की नाही, जिवाणूच्या तुकड्याची लांबी किती, पातळ करून पुन्हा चालवलं का. ‘अ‍ॅनाप्लाझ्मा आढळला नाही’ एवढंच लिहू नका. ‘३९० बेस-जोड्यांच्या चाचणीत आढळला नाही, नमुन्यातला डीएनए २०० पर्यंतच वाढतो, त्यामुळे निष्कर्ष काढता येत नाही’ असं लिहा. विम्याचा माणूस कपाळाला आठ्या घालेल, पण दुसऱ्या लॅबला पुढे काय करायचं ते लगेच कळेल.